जागा चुकलेली झाडं

या मालिकेत आपण राजे पाहिले, लढाया पाहिल्या, शहरं कशी वसली ते पाहिलं. आज रस्त्याकडेच्या झाडांचा इतिहास पाहू. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा, हैदराबादला असा की माझ्यासारखे बडोद्याला, हा विषय तुमच्या दारात उभा आहे. शोभेचं झाड चुकीच्या जागी लावलं गेलं असेल, तर त्याचं काय करायचं?

दरवर्षी मे महिन्यात आपण गुलमोहराचे फोटो एकमेकांना पाठवतो. साताऱ्यात तर १ मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो. आणि पहिलं वादळ आलं की तोच गुलमोहर कुणाच्या गाडीवर, कधी एखाद्या माणसावर पडल्याची बातमी येते. मग दोन गट पडतात. एक म्हणतो, सगळे तोडून टाका. दुसरा म्हणतो, फांदीला हात लावाल तर खबरदार. भांडण झाडावरून चालतं, पण ते झाड त्या जागी आलं कसं, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही. मला वाटतं, सुरुवात तिथून करायला हवी.

गुलमोहराचं मूळ घर मादागास्कर. आफ्रिकेच्या पूर्वेचं ते मोठं बेट. तिथल्या पश्चिम आणि उत्तर भागातल्या कोरड्या पानझडी जंगलात, बऱ्याचदा चुनखडीच्या जमिनीत तो वाढतो. वेन्झेल बोयर हे बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशातले वनस्पतिशास्त्रज्ञ मॉरिशसला राहत होते. त्यांनी १८२०च्या दशकात मादागास्करमध्ये हे झाड पाहिलं, आणि त्यांच्या माहितीवरून विल्यम हूकर यांनी १८२९ मध्ये ते 'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध केलं. ते जगातल्या सर्वांत देखण्या झाडांपैकी आहे, हे सगळ्यांना लगेच पटलं. पुढच्या काही दशकांत जहाजांनी त्याचं बी उष्ण प्रदेशातल्या बंदरोबंदरी पोचवलं. एकोणिसाव्या शतकात ते भारतात आलं आणि इतकं रुळलं, की बंगालीत त्याला कृष्णचूडा असं थेट कृष्णाच्या मुकुटाचं नाव मिळालं.

ते झाड कशासाठी आलं, हे इथे ध्यानात ठेवा. फळासाठी नाही, लाकडासाठी नाही, औषधासाठी नाही. ते आलं फुलांसाठी. बी रुजतं पटकन, झाड वाढतं भराभर, चार-पाच वर्षांत फुलतं आणि छत्रीसारखं पसरतं. नवी वसाहत किंवा नवी कचेरी लवकर सजवायची असेल तर याहून सोयीचं काय? पण याच गुणांची दुसरी बाजूही आहे. भराभर वाढणाऱ्या झाडाचं लाकूड ठिसूळ असतं. त्याची मुळं खोल जाण्यापेक्षा पृष्ठभागाजवळ दूरवर पसरतात. मोकळ्या माळावर याने काहीच बिघडत नाही. मुळांना हवी तेवढी जागा मिळते, आणि फांदी पडली तर गवतावर पडते.

आता जरा मागे जाऊ. झाड कुठे लावायचं याचा विचार आपल्याकडे कुणी केला होता का? केला होता, आणि तोही मापं देऊन. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. दोन झाडांमध्ये अंतर किती ठेवावं, ते त्यात सांगितलंय. उत्तम अंतर २० हात, मध्यम १६, आणि कमीत कमी १२ हात. हात म्हणजे साधारण दीड फूट धरा. म्हणजे उत्तम अंतर ३० फूट आणि किमान १८ फूट. कारणही दिलंय. झाडं दाटीने लावली की एकमेकांना टेकतात, मुळं एकमेकांत गुंततात, आणि मग नीट फळत नाहीत. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला जमिनीखालचं झाडही दिसत होतं.

दुसरं उदाहरण तुमच्या-माझ्या अधिक ओळखीचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, हा भाग आपण अनेकदा ऐकतो. पण गडांविषयी लिहिताना त्यांनी जो विवेक दाखवलाय, तो कमी ऐकू येतो. गडाभोवतीची दाट झाडी राखावी, तिची काठीही तोडू देऊ नये, कारण शत्रूला अडवणारी तटबंदीच ती. आणि वर गडावर मात्र आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ अशी प्रसंगी उपयोगी पडणारी झाडं लावावीत. एकाच डोंगराच्या दोन जागा, दोन वेगळी कामं, म्हणून झाडंही वेगळी. 'या जागेला कोणतं झाड?' हा प्रश्न आधी, झाडाचं नाव नंतर.

शोभेच्या झाडांच्या काळात हा क्रम उलटा झाला. आधी झाड आवडलं, मग त्याला जागा शोधली गेली. हे समजायला मला दोन शहरांची तुलना उपयोगी पडते, बंगळूरची आणि नव्या दिल्लीची. आणि बंगळूरची गोष्ट सुरू होते माझ्या गावात, बडोद्यात.

१८९३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत एक तरुण जर्मन माळी दाखल झाला. नाव गुस्ताव हेर्मान क्रुम्बीगल. ड्रेस्डेनजवळचा जन्म, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेलं. मराठी राजाच्या दरबारातून त्याची भारतातली कारकीर्द सुरू झाली. पुढे मैसूरच्या महाराजांनी त्याला बोलावून घेतलं आणि १९०८च्या सुमारास तो बंगळूरला लालबागेत गेला. १९५६ मध्ये तो गेला, तोही बंगळूरलाच. आजही लालबागेच्या शेजारी त्याच्या नावाचा रस्ता आहे. त्याच्या नावाशी जोडलेली कल्पना अशी, की शहरात एकामागून एक फुलणारी झाडं लावायची, म्हणजे वर्षभर कुठला ना कुठला रस्ता बहरलेला राहील. एक ओसरलं की दुसरं. निळाजांभळा जॅकरँडा, लाल गुलमोहर अशी ती रांग. फेब्रुवारी ते मे या काळात तुम्ही बंगळूरला गेला असाल तर त्या कल्पनेची गोडी मी सांगायला नको.

कल्पना सुंदर होती, आणि तेव्हाच्या बंगळूरला परवडणारीही होती. रस्ते रुंद, बंगल्यांना मोठी आवारं, गाड्या मोजक्या, जमिनीखाली केबलींचं जाळं नाही. गुलमोहराने हातपाय पसरले तरी कुणाच्या आड येत नव्हते.

याच काळात, १९११ च्या दरबारात राजधानी दिल्लीला हलवायची घोषणा झाली आणि नव्या शहराचे आराखडे सुरू झाले. लट्यन्सचं नाव सगळ्यांना माहीत असतं. रस्त्यांची झाडं लावण्याच्या कामात विल्यम मस्टो या उद्यानतज्ज्ञाचा मोठा हात होता. विशेष म्हणजे हाही क्यूच्याच उद्यानातून आलेला. पण इथे निवड वेगळी झाली. मुख्य रस्त्यांसाठी मोजक्याच जाती घेतल्या, आणि त्यांतल्या बहुतेक इथल्या मातीतल्या: कडुनिंब, जांभूळ, अर्जुन. रस्ता किती रुंद, झाड किती उंच होणार, उन्हाळ्यात सावली मिळणार का, याचा हिशोब होता. आज अकबर रोडवर चिंचा आहेत, जनपथवर अर्जुन, लोदी रोडवर कडुनिंब. मे महिन्यात या रस्त्यांचे फोटो कुणी फारसे काढत नाही. पण ४४ अंशांच्या उन्हात त्यांखालून चालणारा माणूस लावणाऱ्याला दुवा देतो.

म्हणजे दिल्ली शहाणी आणि बंगळूर भोळं, असं मी म्हणत नाहीये. त्याच दिल्लीच्या रिजवर, म्हणजे अरवलीच्या शेपटाच्या टेकड्यांवर, ब्रिटिश काळात हिरवळ वाढवायला विलायती कीकर आणली गेली. आपण तिला वेडी बाभूळ म्हणतो. तिने तिथली मूळची झाडी इतकी मागे ढकलली की आज शंभर वर्षांनी ती कशी हटवायची यावर दिल्लीत वाद चालू आहेत. रस्त्यावर जागेचा विचार झाला तिथे ते शहर जिंकलं, टेकडीवर झाला नाही तिथे हरलं. हे सगळं एकाच पिढीने, एकाच शहरात केलं.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जागा फक्त लावतानाच चुकते असं नाही. झाड तिथेच उभं असतं आणि त्याच्याभोवतीची जागा बदलते. १९३० साली बरोबर असलेली जागा २०२० मध्ये चुकीची ठरते. आधी रस्ता रुंद होतो आणि झाडाच्या रस्त्याकडच्या मुळांवर डांबर येतं. मग पदपथावर काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसतात, थेट खोडाला भिडवून, त्यामुळे मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. मग केबल किंवा पाइपासाठी चर खणला जातो आणि एका बाजूची मुळंच तुटतात. मग वरच्या तारांना लागतं म्हणून एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या जातात. झाडाचा तोल एकीकडे, आणि त्या ओढीला धरून ठेवणारी मुळं तुटलेली. वारा आला की झाड पडतं, आणि आपण म्हणतो, 'गुलमोहर वाईट'.

ही तक्रार न्यायालयांपर्यंतही गेली. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या खोडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला. मस्टोच्या पिढीने निवडलेले कडुनिंब आणि जांभूळही, म्हणजे अगदी विचारपूर्वक लावलेली झाडंही, गळा आवळल्यासारखी उभी होती.

मग आला २० मे २०२०. अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावरून गेलं आणि एका रात्रीत शहरातली हजारो झाडं कोसळली. त्यांत कृष्णचूडा आणि तिची पिवळी सोबतीण राधाचूडा, जिला आपण सोनमोहर म्हणतो, पुष्कळ होत्या. नदीपलीकडे शिबपूरच्या, १७८७ साली स्थापन झालेल्या उद्यानात अडीचशे वर्षांच्या घरातला प्रचंड वटवृक्षही जखमी झाला. इतकं वादळ आलं की कुणीच सुरक्षित नसतं, हे खरंच. पण काँक्रीटमध्ये जखडलेलं, उथळ मुळांचं, ठिसूळ लाकडाचं झाड आधी जातं.

गुलमोहराची चूक निदान पडून दिसते. दुसऱ्या प्रकारची चूक पसरत जाते आणि बरीच वर्षं दिसतच नाही. केरळच्या वायनाड अभयारण्याच्या भागात १९८०च्या दशकात वनखात्याच्या लागवडीत एक शोभेचं झाड लावलं गेलं. शास्त्रीय नाव सेना स्पेक्टाबिलिस, मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेचं. मल्याळममध्ये त्याला मंजक्कोन्ना, म्हणजे पिवळी कोन्ना म्हणतात, कारण ते बहाव्यासारखं पिवळंधमक फुलतं, आणि बहावा म्हणजे कणिक्कोन्ना तर केरळचं राज्यपुष्प, विषूच्या सणाचं फूल. ओळखीच्या चेहऱ्याचा पाहुणा घरात आला, पण तो हटेना. त्याच्या दाट सावलीत गवत उगवत नाही, आणि गवत नसेल तर हरणं आणि हत्ती खाणार काय? वायनाडहून ते पलीकडे बंडीपूर आणि मुदुमलाईच्या जंगलांतही शिरलं.

बरं, तोडून टाकावं म्हटलं तर बुंध्यातून एकाऐवजी अनेक फुटवे येतात. म्हणून वनखात्याने दुसरी रीत धरली. मोठ्या झाडाची साल काही फुटांच्या उंचीपर्यंत सगळीकडून सोलायची, म्हणजे मुळांना अन्न पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या सुकतं. लहान रोपं मात्र मुळासकट उपटायची. हे काम वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा येऊन करावं लागतं. लावायला एक पावसाळा पुरला होता.

दिल्लीच्या वेड्या बाभळीवर प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली जैवविविधता उद्यानांत वेगळी वाट वापरली गेली. सगळी झाडं एकदम तोडली तर माती उघडी पडेल, पक्षी जातील, आणि बाभूळच पुन्हा फुटेल. म्हणून आधी फक्त फांद्या छाटून वरचं छत विरळ करायचं. खाली ऊन आलं की तिथे मूळची झाडं लावायची. ती वर आली, वेली चढल्या, की बाभूळ आपोआप मागे पडते. जुन्याला आधार म्हणून वापरत नवं उभं करायचं, असा तो मार्ग आहे.

हा सगळा इतिहास मला गेल्या वर्षी अगदी घरगुती कामाला आला. आमच्या सोसायटीत कुंपणाच्या भिंतीपासून तीन फुटांवर एक गुलमोहर आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी सोसायटी बांधली तेव्हाचा. भिंतीला तडा गेलाय, फरशा उचलल्या गेल्यात. वादळात त्याची एक फांदी एका स्कूटरवर पडली. ती स्कूटर लावून एक मुलगी दोन मिनिटांपूर्वीच वर गेली होती. साहजिकच बैठकीत आवाज चढले. "काका, तुम्ही झाडांवर बोलता, आता त्या पोरीच्या आईशी बोला," असं मला एकाने सुनावलं. तिची आई समोरच बसली होती. मी तिला झाडाची महती सांगितली नाही. मी म्हटलं, "ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. माणूस आधी. फक्त धोका कुठे आहे ते आधी नीट पाहू."

आम्ही जाणकार माणूस बोलावला. त्याने तीन गोष्टी तपासल्या. खोडाच्या बुंध्याशी भूछत्रं आहेत का, म्हणजे आतून कुजलंय का. एका बाजूची माती वर उचलली गेली आहे का, म्हणजे झाड कलतंय का. आणि वाळलेल्या फांद्या किती, आणि त्या कशावर येतात. खोड शाबूत निघालं. कलही नव्हता. तीन मोठ्या फांद्या मात्र वाळलेल्या होत्या, तिन्ही नेमक्या पार्किंगवर. महापालिकेची परवानगी काढून पावसाळ्याआधी त्या उतरवल्या, आणि त्याही खोडाजवळच्या गाठीला न दुखावता, म्हणजे जखम भरून येईल. वरून सरसकट बोडका केला नाही. तसं केलं की नुसते कमकुवत फुटवे येतात आणि चार वर्षांनी तेच मोडतात. भिंतीचा दहा फुटांचा तुकडा पाडून तिथे लोखंडी जाळी बसवली. बुंध्याभोवतीचे पेव्हर काढले. पार्किंगच्या दोन जागा दुसरीकडे हलवल्या. आणि मोकळ्या कोपऱ्यात, भिंतीपासून २० फुटांवर, एक कडुनिंब आणि एक बहावा लावला.

शहरात गुलमोहराचं आयुष्य काही शतकांचं नसतं. हा अजून दहा-पंधरा वर्षं उभा राहील, मग त्याला जावं लागेल, आणि तोपर्यंत कडुनिंबाची सावली तयार असेल. त्या मुलीच्या आईने एवढंच विचारलं, "दरवर्षी तपासणार ना?" बैठकीच्या वहीत तेही लिहून घेतलं. मला विचाराल तर त्या दिवशीचा सर्वांत महत्त्वाचा ठराव तोच होता.

खोड कुजलेलं निघालं असतं, तर मी स्वतः तोडायच्या बाजूने हात वर केला असता. महाराष्ट्रात १९७५ चा, कर्नाटकात १९७६ चा, दिल्लीत १९९४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. या कायद्यांचा रोख परवानगीशिवाय होणाऱ्या तोडीवर आहे. धोकादायक झाड परवानगीने काढता येतं. झाडावरचं प्रेम हे डोळे मिटून घ्यायचं कारण होऊ नये.

म्हणून तुमच्या दारातल्या झाडाबद्दल निर्णय घ्यायची वेळ आली, तर तीन प्रश्न विचारा. हे झाड पडणारं आहे की पसरणारं? पडणारं असेल तर जागा दुरुस्त होते का ते आधी पहा. पसरणारं असेल तर दयामाया न करता, पण टप्प्याटप्प्याने हटवा. दुसरा प्रश्न, जागा मुळात चुकली होती की आपण नंतर बिघडवली? आपण बिघडवली असेल तर शिक्षा झाडाला का? आणि तिसरा, त्याच्या जागी कोण येणार, आणि ते आज लावलंय का?

हे प्रश्न जुने झालेत असं समजू नका. गुजरातेत आम्ही गेल्या काही वर्षांत रस्त्यांच्या दुभाजकांवर कोनोकार्पसच्या हिरव्यागार भिंती उठताना पाहिल्या. पाणी कमी लागतं, वर्षभर हिरवा, कसाही कापा. २०२३ मध्ये राज्याच्या वनखात्याने त्याच्या लागवडीवर आणि रोपवाटिकांवर बंदी घातली. कारणं दिली ती अशी: परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा, आणि मुळांमुळे केबली, गटारं, पाण्याच्या नळांचं नुकसान. गुलमोहराला हे वळण यायला शतक लागलं होतं. कोनोकार्पसला काही वर्षं पुरली. झाड आवडलं, लगेच वाढलं, सगळीकडे लावलं, मग खाली पाहिलं. क्रम तोच.

पावसाळा आला की पुन्हा वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतील, तुमच्या हातात कुणीतरी रोप देईल, फोटो निघेल. रोप घ्या, पण आधी वर बघा, तारा आहेत का. खाली बघा, नळ किंवा केबल आहे का. वराहमिहिराचे २० हात पावलांनी मोजा. आणि मग विचारा, हे रोप तीस वर्षांचं झालं की इथे मावेल का? मावत नसेल तर रोप परत करू नका, चार पावलं पुढे जा. जागा जवळपासच सापडते.